तळाला गेलेलं नाणं

पूल ओलांडेपर्यंत हिल्माच्या पायांची बोटं बधिर झाली होती, पण आर्वो थांबायचं नाव घेत नव्हता. खाणी बंद पडल्यावर गाड्यांचे रूळ उखडून नेले, त्याच जागेवरचा हा सरळसोट रस्ता. बर्फगाड्यांनी वरचा बर्फ दाबून टणक केलेला, दोन्ही अंगांना बर्चची नागवी झाडं, आणि पुढे आर्वो केस्किलाची वाकलेली पाठ. खाणीत असताना न्यायचा तो जेवणाचा पत्र्याचा डबा त्यानं छातीशी धरला होता, तान्हं मूल धरावं तसा.

"अरे, जरा दमानं," हिल्मा म्हणाली. "मी काय हरीण आहे?"

"दमानं गेलं तर अंधार होईल."

"होऊ दे की. टाउनो कुठं पळून चाललाय? त्याचा गुडघा बघितलायस ना?"

"पळत नाही. पण जेवून आडवा झाला की मेल्यासारखा झोपतो. मग दार कोण उघडणार?"

"आणि उघडलं तर काय करणार आहेस? या वयात मारामारी?"

आर्वोनं नुसताच डबा वर सरकवून घेतला.

थंडीनं त्याच्या पिकअपची बॅटरी बसली होती, आणि हिल्मा गाडी चालवायला कधी शिकलीच नव्हती. टाउनोचं घर सरोवराच्या अंगाला, गावाच्या पार टोकाला. रविवारचं चर्च आटोपून हिल्मा घरी आली, बटाटे उकडायला ठेवले, तेवढ्यात शेजारचा हा म्हातारा दारात उभा. टोपी हातात, ओठ पांढरे. "माझ्याबरोबर टाउनोकडे चल," म्हणाला. "मला बघून तो दार उघडायचा नाही. तुला बघून उघडेल." हिल्मानं गॅस बंद केला आणि कोट चढवला. त्याच्यासाठी ती आली नव्हती. त्याची बायको सायमा तिची मैत्रीण होती, आणि टाउनो हा सायमाचा भाऊ. दोघांपैकी एकानं दुसऱ्याचं डोकं फोडलं असतं, तर वर गेल्यावर सायमानं पहिला प्रश्न तिलाच विचारला असता.

भांडण एका फ्रीजवरून होतं.

हा फ्रीज आर्वोनं पोरगी डायेन पोटात असताना घेतलेला. खाण चालू होती, पगार बरा होता. आमच्या लोकेशनमध्ये, म्हणजे कंपनीनं बांधलेल्या त्या एकसारख्या घरांच्या ओळीत, तेव्हा अर्ध्या लोकांकडे अजून बर्फाची पेटीच होती. आर्वोच्या घरात फ्रीज आला आणि त्याच दिवशी तो फ्रीजचा मालक झाला. घराचा तो कधी एवढा मालक नव्हता. घर कंपनीचं होतं.

त्याची निगा त्यानं राखली, हे शत्रूही कबूल करेल. दर वसंतात आणि दर पानगळीत फ्रीज भिंतीपासून पुढे ओढायचा, मागच्या काळ्या जाळीवरची धूळ ब्रशनं झाडायची, कुत्र्याचे केस चिमटीनं वेचायचे. दाराचं रबर साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून त्यावर व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. मग डॉलरची नोट दारात अडकवून ओढून बघायची. नोट सहज सुटली तर रबर ढिलं. आतलं पाणी निघून जायचं बारीक भोक टर्की पक्षी भाजताना वरून रस सोडायच्या पिचकारीनं धुवायचं. पुढचे पाय किंचित उंच ठेवायचे, म्हणजे दार आपोआप मिटतं. हे सगळं तो शिटी वाजवत करायचा. जमिनीवर बसलेला, बाह्या वर केलेला आर्वो एरवीपेक्षा बरा माणूस वाटायचा.

पण फ्रीज उघडायची सायमा, आणि तिथे सगळं फिसकटायचं.

"दार!" हा शब्द हिल्मानं कुंपणापलीकडून इतक्या वेळा ऐकला होता की झोपेतही ऐकू यावा. सायमानं दार उघडलं की स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून हा म्हणायचा, "दार!" गरम रस्सा आत ठेवला की, "मशीनला मारायचं ठरवलंयस का?" दुधाचा जग आतल्या हवेच्या झरोक्यासमोर आला, की जग उचलून ओट्यावर, आणि सायमानं तो परत आत ठेवायचा, नीट, त्याच्यासमोर, शाळेतल्या पोरीसारखा. सायमा शांत बाई. तोंडात मूग धरून राहायची. सायमाच्या आईच्या दफनाच्या आठवड्यात घरात माणसंच माणसं होती, तेव्हा कुणाच्या तरी हातून रात्रभर दार किलकिलं राहिलं. लोणी पातळ झालं, मासे गेले. आर्वोनं पाहुण्यांदेखत मासे कागदावर काढले आणि सायमाला म्हणाला, "वास घे. घे की. म्हणजे लक्षात राहील." आईचं दफन दुसऱ्या दिवशी होतं. सायमानं वास घेतला. टाउनो तिथेच दारात उभा होता. हातातली कॉफीची बशी त्यानं तशीच खाली ठेवली, एवढंच हिल्मानं बघितलं.

त्यानंतर आर्वोनं फ्रीजमधला दिवा काढला.

"आत काय आहे ते बघत उभी राहतेस," तो सायमाला म्हणाला. "दिसलंच नाही, तर उभी राहणार नाहीस." बल्ब कागदात गुंडाळून त्यानं कपाटावर ठेवला. तेव्हापासून सायमा जाईपर्यंत त्या फ्रीजच्या पोटात अंधार होता. हिवाळ्यात आमच्याकडे चार वाजताच काळोख पडतो. सायमा दार उघडायची, हात आत घालायची आणि चाचपून काढायची. दूध कुठे, अंडी कुठे, तिच्या बोटांना पाठ झालं होतं. एकदा हिल्मा म्हणाली, "अगं, दुकानातून बल्ब आण आणि लाव, तो काय करणार आहे?" सायमा हसली. म्हणाली, "आता मलाच सवय झालीय. उजेड असला तर गोंधळेन."

हाच फ्रीज बिघडला की आर्वो सायमाकरवी टाउनोला बोलवायचा, हीसुद्धा एक गंमतच. टाउनो पंचक्रोशीत फ्रीज आणि कपडे धुवायची मशिनं दुरुस्त करत फिरायचा. तो यायचा, पंखा बदलायचा, बर्फ वितळवायची तार बदलायची असली तर बदलायचा, आणि आर्वोशी अक्षर बोलायचा नाही. जाताना बहिणीच्या गालाला हात लावायचा. दरवेळी खिशातून नवा बल्ब काढायचा, दरवेळी सायमा मान हलवायची, आणि तो बल्ब परत खिशात जायचा.

सायमाच्या पोटात गाठ निघाली तेव्हा उन्हाळा होता. शरीर उतरत गेलं, पण शेवटच्या महिन्यात एक दिवस तिनं कणीक मळायला घेतली. पास्ट्या करायच्या म्हणाली. हाताच्या पंजापेक्षा मोठी करंजी म्हणा ना, आत मांस, बटाटा, कांदा, सलगम. खाणीत जाणाऱ्या नवऱ्यांना आमच्या आयांनी हीच बांधून दिली, आणि कुणाची कुठली ते कळावं म्हणून कोपऱ्यावर कणकेनं नावाचं अक्षर लावायचं, ही रीत कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांकडून आपल्या फिनिश बायकांनी उचलली. हिल्मा मदतीला गेली तर सायमानं तिला परत पाठवलं. "एवढं मला करू दे," म्हणाली. थोडं लाटायचं, थोडं पडायचं, असं करत दोन-तीन दिवस लागले. गार झाल्यावर एकेक पास्टी तिनं पांढऱ्या कागदात गुंडाळली आणि फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात वीट रचावी तशी रचली. पुढ्यात तिचा तो काचेचा कप ठेवला.

तो कप सायमाची आयुष्यभराची सवय. आमच्याकडे वादळात वीज जाते. गावाला जाऊन परत आलं की कसं कळणार, आपण नसताना आतलं वितळून पुन्हा गोठलं का? म्हणून कपात पाणी घ्यायचं, गोठू द्यायचं, आणि वर तांब्याचा एक सेंट ठेवायचा. परत आल्यावर नाणं वरच असलं तर सगळं ठीक. नाणं खाली गेलेलं असलं, तर मधे कधीतरी बर्फाचं पाणी झालं होतं. मग वरवर सगळं कितीही दगडासारखं दिसो, टाकून द्यायचं.

सायमा ऑगस्टमध्ये गेली. आर्वो रडला नाही. पण दर रविवारी चर्चमधून आला की एक पास्टी काढायचा, ओव्हनमध्ये गरम करायचा आणि जेवणाच्या टेबलावर तिच्या खुर्चीसमोर बसून खायचा. हिल्माच्या खिडकीतून दिसायचं. एरवी भराभर गिळणारा हा माणूस तेव्हा इतका सावकाश खायचा की ओळखू आला नसता. पोरीनं फोन केला तर म्हणायचा, "तुझ्या आईचं जेवतोय." त्या पास्ट्या संपल्या की सायमा पुरती गेली, हे न बोलता त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

ऑक्टोबरात डायेन ग्रीन बे शहरातून आली आणि बापाला नवा फ्रीज घेऊन दिला. जुना टाकायचा तर आर्वोला पटेना. "चालतोय तो," म्हणाला. मग आमच्याकडे सगळे करतात तेच झालं. जुना फ्रीज गॅरेजमध्ये. कुठल्याही घराच्या गॅरेजमध्ये जा, एक जुना फ्रीज असतोच, आत बिअर आणि हरणाचं मांस. पास्ट्या नव्यात हलवू या असं डायेन म्हणाली, तर आर्वो अंगावर आला. "तिनं रचलंय तसंच राहील. हात लावायचा नाही." मामाला बोलावून डायेननं ढकलगाडीवरून फ्रीज जसा होता तसा गॅरेजमध्ये नेला. हिल्मा कुंपणाशी होती. प्लग लावून टाउनो उठला तेव्हा आर्वोनं विचारलं. कितीतरी वर्षांनी तो थेट टाउनोशी बोलला असेल.

"इथं चालेल ना?"

टाउनोनं हात पुसले. "न चालायला काय झालं? गारच तर आहे."

नोव्हेंबरात डायेन बापाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेऊन गेली. थँक्सगिव्हिंगचा सण तिथेच, डोळ्यांतले थेंब तिथेच, तीन-चार आठवडे गेले. घराची किल्ली टाउनोकडे, नळ गोठू नयेत आणि छतावरचा बर्फ कुणीतरी ओढावा म्हणून. आर्वो परतला तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. गॅरेजमध्ये जाऊन त्यानं वरचा कप्पा उघडला. सगळं खडखडीत गोठलेलं. त्यानं जाळी झाडली, रबराला व्हॅसलिन लावलं, नोट ओढून बघितली. नोट घट्ट. मशीन गप्प होतं. पहिला रविवार झाल्यावर सोमवारी कुंपणाशी येऊन तो हिल्माला अभिमानानं म्हणाला, "ऐकलंस? आवाजसुद्धा नाही. एवढी निगा राखली की मशीनला कष्टच पडत नाहीत. वीज वाचते."

"तुझं पोट बरंय ना आर्वो? काल रात्रभर तुझ्या बाथरूममधला दिवा जळत होता."

"वय झालं. जिरत नाही पूर्वीसारखं."

आणि आज सकाळी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी हे सगळं उघडं पडलं.

हिल्मा कॉफी वाढत होती. वेलदोड्याच्या पावाचे काप फिरत होते. पास्टरबाईंनी प्रेमानं विचारलं, "आर्वो, आता जेवणाचं कसं करता?" आर्वो म्हणाला, "आमच्या हिचंच जेवतो अजून. दर रविवारी. आज घरी गेलो की आहेच." बायकांनी मान कलती करून हुंकार भरला. कुणाच्या तरी डोळ्यांना पाणी आलं.

पलीकडच्या टेबलावर टाउनो हसला. आधी बारीक, मग त्याला आवरेना. बशी खाली ठेवली, रुमाल काढला.

"काय झालं रे?" शेजारच्या ऑस्करनं विचारलं.

"काही नाही. आपला हा पंडित. चाळीस वर्षं बहिणीला फ्रीज शिकवला यानं. दार, दार, दार! आणि गॅरेजमधला फ्रीज थंडीत झोपतो, एवढं याला ठाऊक नाही."

"झोपतो म्हणजे?"

"अरे, थंडी मोजणारं बटण खालच्या कप्प्यात असतं. बाहेरच गार पडलं की त्याला वाटतं, आतही गार झालंय, आपलं काम झालं. मशीन सुरूच होत नाही. गॅरेज गार असतं, पण गोठण्याइतकं नाही, मग वरचं वितळतं, आणि कडाका पडला की पुन्हा गोठतं. बर्फ पडायला लागला की आमच्याकडे बायकांचे फोन सुरू, टाउनो, बाहेर बर्फ आणि आत आइस्क्रीमचं सूप!" लोक हसले. टाउनोला जोर आला. "त्याला तोड साधी आहे. खालच्या कप्प्यात एक दिवा जळता ठेवायचा. दिव्याच्या उबेनं मशीन फसतं आणि चालू राहतं. पण याच्या फ्रीजमध्ये दिवा कुठून येणार? हो ना, आर्वो?"

आर्वोनं हातातला पावाचा काप खाली ठेवला.

"तू म्हणालास चालेल," आर्वो म्हणाला.

"म्हणालो."

"तुला माहीत होतं."

"मला माहीत असणार नाही तर कुणाला? थँक्सगिव्हिंगला छतावरचा बर्फ काढायला आलो होतो तुझ्या. गॅरेजमध्ये पाणी ठिबकत होतं. वर हात घातला, कागदातलं सगळं मऊ लागलं. दार लावलं आणि घरी गेलो." टाउनोनं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "दार मात्र नीट लावलं हं. उघडं नाही ठेवलं."

"टाउनो!" हिल्मा ओरडली. किटलीचं तोंड टेबलाला लागून कॉफी सांडली.

"काय टाउनो? तिला मासे हुंगायला लावले तेव्हा कोण ओरडलं होतं?"

पास्टरबाई म्हणाल्या, आपण सगळे प्रार्थना करू या, आणि खुर्च्या सरकल्या. आर्वो प्रार्थनेला थांबला नाही.

घरी जाऊन त्यानं वरचा कप्पा उघडला आणि या वेळी पास्टीकडे न बघता कप बाहेर काढला. वर बर्फावर काही नव्हतं. खिडकीजवळ नेऊन त्यानं कप उजेडात धरला. जाड काचेच्या तळाशी, बर्फाच्या आतून, तांब्याचं नाणं दिसत होतं. परत आल्यापासून दर रविवारी तो कप बाजूला सारून तो पास्टी काढत होता. इतरांची चूक पकडण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं एकदाही कपात डोकावलं नव्हतं. दारात उभा राहून हिल्माला त्यानं हे सांगितलं तेव्हा कप दोन्ही हातांत होता.

आता पूल मागे पडला. सरोवराकडून वारा सुरू झाला होता. पाण्यावर बर्फाची कड धरलेली, तिचा कडकड आवाज इथवर येत होता.

"किती खाल्ल्यास तशा?" हिल्मानं विचारलं.

"जेवढ्या खाल्ल्या तेवढ्या."

"आणि वास नाही आला?"

"आला असेल. मला वाटलं, तिच्या आजाराचा. शेवटी तिच्या हातांना तसाच येत होता." तो चालत राहिला. "मला वाटलं, तिच्या हाताचा वास राहिलाय."

हिल्मानं मनात देवाचं नाव घेतलं. या माणसाची तिला कधी दया आली नव्हती, आणि आत्ताही येत होती की नव्हती, तिला सांगता आलं नसतं. तिला आठवत होता तो अंधाऱ्या फ्रीजमधला सायमाचा हात.

"टाउनोनं फार वाईट केलं," ती म्हणाली. "मी त्याला सांगणार आहे. तोंडावर सांगणार आहे. पण आर्वो, तूसुद्धा..."

"मला माहीत आहे मी काय केलं ते. ते सांगायला तुला आणलं नाही."

"मग कशाला आणलंयस?"

वाटेच्या कडेला एक पडलेलं झाड होतं. त्याच्या बुंध्यावर डबा टेकवून आर्वोनं झाकण उघडलं. आत टॉवेलात तो कप होता, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या कागदाचं पुडकं. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि त्यानं कागद सोडला. आत पास्टी होती, गोठून दगड झालेली, खालचा भाग ओला होऊन पुन्हा आळलेला, करडा. पण वरचा पापुद्रा शाबूत होता. कोपऱ्यावर कणकेचं अक्षर लावलेलं होतं.

हिल्मानं चष्मा पुसून बघितलं. तिला वाटलं होतं ए असेल, आर्वोचा.

टी होता.

"या टाउनोसाठी होत्या?"

"अर्ध्या माझ्या, अर्ध्या त्याच्या. तिनं मरताना सांगितलं होतं. टीच्या टाउनोला दे, म्हणाली. दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून."

"आणि तू दिल्या नाहीस."

"दफनाच्या दिवशी तो माझ्यापाशी आला. मी हात पुढे केला. तो म्हणाला, आता दार उघडं राहायची भीती गेली, सुखी झालास. सगळ्यांदेखत." आर्वोनं नाक पुसलं. "मग मी का द्यायच्या? त्याच्या मीच खाल्ल्या. माझ्या संपल्या आणि मग त्याच्याही खाल्ल्या. ही राहिलेली शेवटची."

"देवा रे," हिल्मा म्हणाली. "त्याला हे ठाऊकच नाही."

"नाही."

"त्यानं मऊ लागलं म्हणून दार लावलं, तेव्हा..."

"तेव्हा कागदात ही होती. त्याच्या हाताखाली."

हिल्मा बुंध्यावर बसली. थंडी तिच्या हाडांत शिरली. टाउनो तिला लहानपणापासून माहीत होता. आई लवकर कामाला जायची, म्हणून सायमानंच त्याला वाढवला. त्याच्या खिशातला तो बल्ब अजून असेल, असं तिला का कोण जाणे वाटलं.

"हे त्याला कळू देऊ नकोस आर्वो," ती म्हणाली. "माझं ऐक. तो काय, हसला आणि झोपला. हे कळलं तर उरलेलं आयुष्य झोपायचा नाही. ही इथंच टाक. कोल्हे नेतील. मी कुणाला बोलणार नाही, देवाशपथ."

आर्वो पास्टी पुन्हा कागदात बांधत होता. कडा दुमडून, सायमा दुमडायची तशाच. ते त्याला कधी आलं, हिल्माला कळलं नाही.

"तो हसला," तो म्हणाला. "तुझ्यासमोर हसला."

"हसला. पण तिच्यासाठी हसला. तिचं भोगणं त्यानं बघितलंय."

"मग तिचं हेही बघू दे."

दोघं पुढे चालू लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण हिल्माच्या आईच्या तोंडी असायची. हिल्माला ती आठवली आणि ती नेमकी कोणत्या म्हाताऱ्याला लावावी हे ठरेना. झाडी संपली. टाउनोचं घर दिसलं, धुराड्यातून सरळ वर चाललेला धूर, अंगणात उघड्यावर ठेवलेले मोडके फ्रीज, त्यांची दारं काढून भिंतीला टेकवलेली. लहान मूल आत अडकून गुदमरू नये म्हणून टाउनो दारं आधी काढायचा. प्रत्येकावर बर्फाची उशी होती. खिडकीत दिवा होता, आणि दिव्याखाली त्याचं टक्कल, पेपरावर झुकलेलं.

फाटकापाशी आर्वो थांबला. त्यानं फाटकाला हात लावला नाही.

"चल की," हिल्मा म्हणाली. "आलोय ना एवढं. काय बोलायचं ते बोल, आणि मिटवा. मी आहे."

"मी नाही जाणार."

"मग एवढं चाललो कशाला?"

"मी दिसलो की तो भांडेल. भांडता भांडता त्याला बरं वाटेल. मला ते नकोय." त्यानं डबा तिच्यापुढे धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ऑपरेशनच्या डोळ्यातून जास्त, वाऱ्यानं असेल. "हिल्मा, तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही."

"मागू नकोस. हे मागू नकोस आर्वो."

"तिनं सांगितलेलं काम आहे. मी करायचं ते केलं नाही. तू कर. तुझं ती ऐकायची."

आत टाउनोनं मान वर केली. त्याला बाहेर कुणीतरी दिसलं होतं. खिडकीची काच पुसून तो बघत होता, आणि हिल्माला ओळखून त्यानं हात हलवला. दार उघडायला तो उठू लागला, गुडघा धरून, हळूहळू.

डबा हिल्माच्या हातांत होता. तिनं तो कधी घेतला, तिलाही सांगता आलं नसतं.

"बोलायचं काही नाही," आर्वो म्हणाला. तो आधीच मागे, झाडीच्या सावलीत सरकला होता. "आधी कप दे. फ्रीजचं सगळं त्याला कळतं, नाणं बघितलं की पुरे. मग ती दे. कागद काढून दे, हिल्मा. अक्षर वर असू दे."